शेवटच्या भागावर लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. त्या फँटसी कादंबऱ्यांच्या मालिकेचा शेवटचा भाग रात्रभर जागून संपवलास आणि पुस्तक मिटल्या मिटल्या लिहायला बसलास, हे अक्षरावरूनच कळतं. ‘ताई, मला फसवल्यासारखं वाटतंय’ हे वाक्य त्यात पुन्हा पुन्हा येतं, आणि अगदी शेवटी प्रश्न आहे: ही प्रतिक्रिया अशीच लोकांपुढे ठेवू का?

ठेव जरूर, पण अशीच नको. निदान एक आठवडा जाऊ दे, आणि त्या आठवड्यात मी सांगते ते करून बघ.

तुझा राग खरा आहे, त्याबद्दल मला शंका नाही. ज्याला पुस्तकाशी काही देणंघेणं नसतं तो शेवटावरून इतका चिडत नाही. अडचण अशी आहे की हा राग नेमका कशावर आहे ते तुझं तुलाच अजून उलगडलेलं नाही. पत्र दोनदा वाचल्यावर मला त्यात तीन धागे एकमेकांत अडकलेले दिसले. एक, मालिका संपली याचं दुःख. दुसरा, तू मनाशी रचलेला शेवट आला नाही याचा हिरमोड. आणि तिसरा, पुस्तकात खरोखरच राहिलेले कच्चे दुवे. यातला फक्त तिसरा धागा लेखकाच्या खात्यावर टाकता येतो. पहिले दोन तुझे आहेत. तेही लिहिण्यासारखे आहेत, पण ते आपले आहेत हे ओळखून लिहावे लागतात. तू तिन्ही लेखकाच्या माथी मारलेस, म्हणून पत्रात जोर भरपूर आहे आणि पकड कमी.

मग खरा दोष ओळखायचा कसा? माझी कसोटी एकच आहे. आधीच्या भागांनी वाचकाला काय कबूल केलं होतं ते शोधायचं, आणि शेवटच्या भागाने ती कबुली पाळली का ते बघायचं. आपण वाट बघताना काय काय मागितलं, ते या हिशेबात धरायचं नाही.

कबुली म्हणजे काय ते उदाहरणाने सांगते. यात काही जुन्या मालिकांचे शेवट उघडे पडणार आहेत. तू त्या वाचलेल्या आहेस हे ठाऊक आहे म्हणूनच बिनधास्त लिहिते आहे.

टॉल्किन यांचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ घे. पहिले दोन खंड १९५४च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये आले, तिसरा ऑक्टोबर १९५५मध्ये. दुसऱ्या खंडाच्या अखेरीला दुष्ट शक्तीची अंगठी अग्निपर्वतात टाकून नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो जिवंत आहे पण शत्रूच्या हाती सापडला आहे, आणि तिथून पुढे काय झालं हे कळायला त्या वेळच्या वाचकांना जवळपास वर्षभर थांबावं लागलं. आता तिसऱ्या खंडातला कळसाचा प्रसंग आठव. इतका जीवघेणा प्रवास करून फ्रोडो अग्निपर्वताच्या आत, कड्यावर उभा राहतो आणि अंगठी आगीत टाकायची सोडून ती माझी आहे म्हणत बोटात घालतो. नायक ऐन क्षणी हरतो. मग अंगठीच्या वेडाने झपाटलेला तिचा जुना मालक गॉलम त्याच्यावर झडप घालतो, अंगठीसकट त्याचं बोट दातांनी तोडतो, हर्षाने नाचू लागतो, त्याचा तोल जातो आणि तो अंगठी घेऊन आगीत पडतो. जग वाचतं.

हे कुणाला नुसतं तोंडी सांगितलं तर तो म्हणेल, हा काय शेवट झाला? कुणाचा तरी पाय घसरला म्हणून जगाची सुटका?

पण आता पहिल्या खंडाचं दुसरं प्रकरण काढ. फ्रोडो अजून स्वतःच्या घरात बसलेला आहे. बाहेरचं जग त्याने पाहिलेलंही नाही. जादूगार गंडाल्फ त्याला अंगठीचा सगळा इतिहास सांगतो. ही नष्टच करायला हवी होती, असं फ्रोडो कळवळून म्हणतो, तेव्हा गंडाल्फ त्याला म्हणतो, बघ करून, आत्ता. समोर आग पेटलेली आहे. फ्रोडो खिशातून अंगठी काढतो. तिचं सोनं किती शुद्ध, तिचा आकार किती सुबक, हे त्याच्या मनात येऊन जातं. आगीच्या ऐन मध्यावर ती भिरकावायची असं त्याने ठरवलेलं असतं. मोठ्या कष्टाने तो तसा हात हलवतो, आणि बघतो तर अंगठी आपण परत खिशात घातलेली आहे. त्या आगीत तर साधं सोनंही वितळलं नसतं, हे गंडाल्फ लगेच सांगतो. म्हणजे ज्या आगीपासून अंगठीला काहीच धोका नव्हता, त्या आगीतही फ्रोडोला ती टाकवली नाही. तो अग्निपर्वतावर टाकू शकेल, असं लेखकाने आपल्याला कधी सांगितलं? ते आपण गृहीत धरलं.

आणि गॉलम? तोही त्याच प्रकरणात आहे. अंगठी आपल्याआधी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने संधी होती तेव्हाच त्याला मारून टाकायला हवं होतं, असं फ्रोडो म्हणतो. गंडाल्फ त्याला थांबवतो. बिल्बोने दाखवलेली ती दया पुढे अनेकांचं नशीब ठरवेल, गॉलमच्या हातून अखेरीआधी बरं-वाईट काहीतरी घडायचं बाकी आहे, असं आपलं मन सांगतं, म्हणतो. पुढे फ्रोडो स्वतः त्याला जिवंत सोडतो, त्याचा सोबती सॅमही अगदी शेवटी सोडतो. या सगळ्या सोडण्यांतून गॉलम कड्यावर पोचतो. तेव्हा तिथे जो पाय घसरला, त्याची तयारी आठशेहून जास्त पानं आधीपासून चाललेली आहे. नायकाचं हरणं आणि हरूनही सुटका होणं, दोन्ही कबूल केलेलं होतं. पाळलेली कबुली अशी दिसते. पहिल्या वाचनात धक्का बसतो, दुसऱ्या वाचनात वाटतं की दुसरं काही होऊच शकलं नसतं.

हीच कसोटी तुझ्या मालिकेला लाव. नायिकेने शेवटी सिंहासन नाकारलं, ही तुझी सगळ्यात मोठी तक्रार. ‘मग इतके भाग ती लढली कशासाठी?’ असं तू विचारतोस. प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र शेवटच्या भागात शोधू नकोस. पहिला भाग काढ आणि त्यातले फक्त असे प्रसंग वाच, जिथे कुणीतरी तिच्यावर निर्णय सोपवतं. मोठ्या लढाया वगळ, छोट्या जागा बघ. रात्री पहाऱ्याला कुणी बसायचं, कैद्याचं काय करायचं, वाट चुकली तर कुणाचं ऐकायचं. अशा वेळी ती पुढे होऊन हुकूम देते, की दुसऱ्यांकडे बघते? हुकूम दिल्यावर तिला झोप लागते का? ती दरवेळी आनंदाने सूत्रं हातात घेत असेल आणि मधल्या भागांत तिला बदलून टाकणारं काही घडलंच नसेल, तर तुझी तक्रार पक्की. ते प्रसंग दाखवून लिही, कुणाची हरकत चालणार नाही. पण सत्ता हाती आली की ती दर वेळी आतून आक्रसत असेल, आणि तू लढायांच्या नादात ती पानं भरभर उलटली असशील, तर सिंहासन नाकारण्याची कबुली तुला पहिल्याच भागात मिळालेली होती. मग लिहिण्यासारखं काही वेगळंच हाती लागेल: तू ती कबुली पाहिली का नाहीस, आणि लेखकाने ती मुद्दाम तुझ्या नजरेआड कशी ठेवली.

तुझी दुसरी तक्रार मला जास्त वजनदार वाटते. शेवटच्या लढाईत, सगळं हातातून गेलेलं असताना, कधी नावही न ऐकलेला एक मंत्र येतो आणि बाजी पलटते. फँटसीत हा फार मोठा दोष असतो, आणि तो इतर कादंबऱ्यांपेक्षा इथे जास्त बोचतो. वास्तवाचे नियम आपल्याला घरूनच माहीत असतात. जादूचे नियम लेखकाने शिकवल्याशिवाय कळत नाहीत. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी याचा एक सरळ नियमच मांडला आहे: वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितक्याच प्रमाणात लेखकाला त्या जादूने संकट सोडवता येतं. आता तुझ्या मालिकेत त्या मंत्राची किंमत काय, तो कुणाला येतो, आधी का वापरला नाही, याचा कुठेही मागमूस नसेल तर बेधडक लिही. फक्त लिहिण्याआधी मधले भाग एकदा चाळ. अशा गोष्टी एखाद्या म्हाताऱ्या पात्राच्या बडबडीत किंवा लहान मुलांच्या गाण्यात लपवून ठेवलेल्या असतात. तिथेही नसेल, तर तो दोष लेखकाचाच.

दुःख आणि दोष यांची गल्लत सगळ्यात जास्त होते, म्हणून त्यावर जरा थांबते. फिलिप पुलमन यांच्या त्रयीचा शेवटचा भाग, ‘द अँबर स्पायग्लास’, २००० साली आला. त्यात एकमेकांच्या प्रेमात पडलेल्या लायरा आणि विल यांना कायमचं वेगळं व्हावं लागतं. दोघांची जगंच वेगळी, आणि मधली दारं बंद करणं भाग आहे. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातलं एक बाक दोन्ही जगांत आहे. दरवर्षी उन्हाळ्यातल्या एका ठरलेल्या दिवशी, भर दुपारी, दोघांनी आपापल्या जगातल्या त्या बाकावर तासभर बसायचं, असं ते ठरवतात. हे वाचून घशात आवंढा येतो. अनेक वाचक चिडलेही, की इतकं सोसलेल्या या दोघांना लेखकाने एवढंही देऊ नये?

पण आपल्याला वाईट वाटलं याचा अर्थ लेखक चुकला असा होत नाही. प्रश्न एवढाच, की माणूस परक्या जगात फार वर्षं तग धरू शकत नाही हा नियम ऐन वेळी शोधून काढलेला आहे का. दुसऱ्या भागात विलचे वडील भेटतात ते खंगलेले, आजारी, वर्षानुवर्षं परक्या जगात राहिलेले. त्या आजाराचं कारण तेव्हा कुणी सांगत नाही. मला एवढी खूण पुरेशी वाटते. तुला ती अपुरी वाटू शकेल, आणि तसं वाटलं तर जरूर वाद घाल. मात्र तो वाद या खुणेवरच घाल, रडू आलं यावर नको.

तुझं आवडतं पात्र दोन ओळींत मारलं, त्याबद्दल तू एक अख्खं पान लिहिलं आहेस. त्या पानावर तू खरा सापडतोस, म्हणून ते मुळीच कापू नकोस. या दुखण्याला तू एकटा नाहीस. २००७च्या जुलैमध्ये हॅरी पॉटरचा सातवा भाग आला, तेव्हा ल्युपिन आणि टाँक्स या नवरा-बायकोबाबत जगभरच्या वाचकांना हेच वाटलं होतं. दोघांचं मरण आपल्याला दिसतच नाही. हॅरी मोठ्या सभागृहात येतो आणि त्यांची प्रेतं शेजारी शेजारी ठेवलेली दिसतात, बस. याची बाजू घेता येते: गोष्ट जवळजवळ सगळीकडे हॅरीच्या पाठीपाठी चालते, आणि युद्धात आपली माणसं अशीच, आपल्या नजरेआड जातात. मला हे पटतं. तरी त्यांचं तान्हं मूल मागे राहतं, हॅरीसारखंच पोरकं होतं, आणि त्या पोरकेपणाला कादंबरी फारच थोडी जागा देते, ही खंत मला न्याय्य वाटते. बघ, एकाच प्रसंगाबद्दल एक गोष्ट पटली आणि दुसरी खटकली. दोन्ही लिहिता आल्या पाहिजेत. पात्र गेलं ते कुणाच्या नजरेतून दिसलं, त्याच्यामागे कोण उरलं आणि त्या उरलेल्याचं पुढे काय झालं, हे तुझ्या मालिकेत तपास. आत्ता तुझ्या पानावर त्या पात्राचं प्रेम आहे, पण त्याच्या मृत्यूचा प्रसंग मला दिसत नाही. त्या दोन ओळी जशाच्या तशा उतरवून काढ आणि त्यांच्याखाली लिही. वाचणाऱ्याला लगेच कळेल तुला काय टोचलं ते.

आता वाट बघण्याबद्दल. तू म्हणतोस, मधल्या वर्षांत मित्रांबरोबर रचलेल्या थिअरी खऱ्या शेवटापेक्षा सरस होत्या. असतीलही. वाट बघणाऱ्याला एक मोठी सवलत असते: त्याला प्रत्येक थिअरीचा फक्त गोड भाग जगावा लागतो, ती पानापानांतून तडीस न्यावी लागत नाही. ती वर्षं वाया गेली असं मात्र समजू नकोस. मालिका वाचण्याचं निम्मं सुख तिथेच असतं. फक्त त्या थिअरीची उधारी लेखकाकडे मागायला जायचं नाही. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका संपली तेव्हा शेवटचा सीझन पुन्हा बनवा अशा अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. त्यांचा वैताग मी समजू शकते, घिसाडघाई तिथे झालीच होती. तरीही ‘हे का फसलं’ असं विचारणारा वाचक आणि ‘मला नवं करून द्या’ म्हणणारा वाचक यांत मला पहिला जास्त आपला वाटतो.

याच्या उलट एक नेमकी तक्रार कशी कामाला येते ते सांगते. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला भाग १९९० साली आला. सप्टेंबर २००७ मध्ये जॉर्डन गेले. शेवटचं पुस्तक अपुरं राहिलं. त्यांची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ते पुरं करण्यासाठी सँडरसन यांना निवडलं, हेच ते वर नियम सांगितलेले. जॉर्डन यांची टिपणं होती, लिहून झालेले काही तुकडे होते, आणि अगदी अखेरचा प्रसंगही त्यांनी लिहून ठेवलेला होता. एका पुस्तकाचा ऐवज तीन पुस्तकांत पसरला आणि चौदावा, अखेरचा भाग जानेवारी २०१३ मध्ये बाहेर पडला. त्यातलं शेवटच्या युद्धाचं एकच प्रकरण दीडशेहून जास्त पानांचं आहे. पहिला भाग शाळेत असताना वाचलेला माणूस तोपर्यंत चाळिशीकडे झुकला होता. अशा वाचकाने रागावायला कारणं शोधली असती तर शंभर सापडली असती: लेखक बदलला, भाषा बदलली, पुस्तकं वाढली. पण या तिघांतल्या पहिल्या पुस्तकानंतर जाणत्या वाचकांनी बोट ठेवलं ते मॅट या पात्रावर. त्याच्या बोलण्याची ढब, त्याचा विनोद जॉर्डन यांच्यासारखा उतरलेला नाही, असं ते म्हणाले. सँडरसन यांनी ते मान्य केलं. ‘सगळा विचका केलात’ अशा वाक्याचं कोणताही लेखक काहीही करू शकत नाही. ‘हा माणूस असं बोलत नाही’ या वाक्याचं करू शकतो. आणि लेखकाचं सोड, तुझ्या वाचकालाही दुसऱ्याच वाक्यातून काहीतरी मिळतं.

शेवटची लढाई संपल्यावर पुस्तक ‘उगाच लांबलं’, हा तुझा मुद्दा मला अजिबात मान्य नाही. वर सांगितलेल्या टॉल्किन यांच्या खंडात अंगठी नष्ट झाल्यावर आणखी सहा प्रकरणं आहेत. निरोप आहेत, परतीचा प्रवास आहे, आणि घरी पोचल्यावर घरच उद्ध्वस्त झालेलं सापडतं, ते स्वतःच्या हातांनी सोडवावं लागतं. हे प्रकरण पहिल्यापासून योजलेलं होतं, कथानकाचा आवश्यक भाग होतं, असं टॉल्किन यांनी पुढे प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं. आणि आपल्याला तर हे नवं वाटायचं कारणच नाही. महाभारताची अठरा पर्वं आहेत. युद्ध आणि त्यानंतरच्या रात्रीची ती कत्तल दहाव्या पर्वापर्यंत उरकते. पुढची आठ पर्वं मग काय करतात? स्त्रिया रणांगणावर आपली माणसं शोधतात. जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणतो. यादव आपसांत लढून संपतात. पांडव एकेक करून वाटेत कोसळतात. आणि युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन दिमाखात बसलेला, आणि आपले भाऊ कुठे दिसत नाहीत. ते नरकात आहेत असं दिसल्यावर तो म्हणतो, मग मीही इथेच राहतो. ती माया होती हे नंतर उघड होतं, पण त्याने निवड करून टाकलेली असते. युद्धात जिंकल्यावर माणसाचं काय होतं, हे सांगितल्याशिवाय गोष्ट संपवायची नाही, ही आपली जुनीच रीत. लढाईनंतरची ती पानं तू दमलेल्या डोळ्यांनी पहाटे वाचलीस. तेवढी पुन्हा, दिवसाउजेडी वाच.

उपसंहाराबाबत मात्र मी तुझ्या बाजूने आहे. कुणाचं कुणाशी लग्न झालं आणि मुलांची नावं काय ठेवली, याची यादी क्वचितच पुस्तकाला शोभते. हॅरी पॉटरचा ‘एकोणीस वर्षांनंतर’ हा तुकडा आजही वाचकांत फूट पाडतो. टॉल्किन यांनीही सॅम आणि त्याची मुलं यांचा एक उपसंहार लिहिला होता. तो छापू नये असं त्यांना सांगण्यात आलं आणि त्यांनी तो गाळला. तो छापून आला १९९२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, मसुद्यांच्या एका खंडात. मी तो वाचला आहे. गोड आहे, प्रेमळ आहे. तरी सॅम घरी येऊन ‘आलो मी परत’ म्हणतो तिथेच पुस्तक थांबलं ते उत्तम झालं. तुझ्या मालिकेचा उपसंहार काढून टाकला तर शेवटचं वाक्य कोणतं उरतं, ते बघ. ते वाक्य चांगलं असेल तर तुझा मुद्दा आपोआप सिद्ध होतो.

आणखी एक गोष्ट, ‘शेवटचा भाग’ या शिक्क्याबद्दल. उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी मालिकेची तीन पुस्तकं १९६८ ते १९७२ या काळात आली. चौथं, ‘तेहानू’, थेट १९९० मध्ये, आणि त्यावर उपशीर्षक होतं: अर्थसीचं शेवटचं पुस्तक. ज्यांना थोर जादूगार गेड पुन्हा भेटायचा होता त्यांना भेटला एक थकलेला, सगळी शक्ती खर्चून बसलेला माणूस. पुस्तकाच्या मध्यभागी दुसऱ्या पुस्तकाची नायिका तेनार होती, आता विधवा, वय झालेली, एका भाजलेल्या मुलीला वाढवणारी. कित्येकांची निराशा झाली. पण गेडने आपली शक्ती तिसऱ्या पुस्तकातच, मरणाचं उघडं दार बंद करताना, संपवलेली होती. अठरा वर्षांत वाचक ते विसरले, लेखिका विसरली नाही. गंमत म्हणजे ते शेवटचं ठरलंही नाही. २००१ मध्ये आणखी दोन पुस्तकं आली आणि चौथ्यात अर्धवट वाटलेलं बरंच काही तिथे जुळलं. तेव्हा तुझ्या प्रतिक्रियेत ‘आता कायमचं बिघडलं’ अशी भाषा नको. पुढे आणखी पुस्तक आलं नाही तरी तू पुन्हा वाचशीलच, आणि तेव्हाचा तू वेगळा असशील.

लिहिताना सगळी मालिका कवेत घेण्याचा मोह आवर. कथानकाचा सारांश चार ओळींत उरक. ज्यांनी वाचलं आहे त्यांना तो नको असतो आणि ज्यांनी वाचलेलं नाही त्यांची मजा जाते. शेवट उघड करणार असशील तर पहिल्याच ओळीत तसं सांग, आणि शीर्षकात कुणाच्या मरणाचा उल्लेख करू नकोस. मग दोन प्रसंग निवड, एक पाळलेल्या कबुलीचा आणि एक मोडलेल्या कबुलीचा, आणि त्या दोघांवरच वेळ घाल. प्रत्येकाच्या आधी त्याचं मूळ कुठल्या भागात आहे ते सांग. ‘निराशाजनक’, ‘अप्रतिम’ असे शब्द आले की तिथे थांब आणि स्वतःला विचार, कुठल्या पानावर? पान सांगता आलं तर तो शब्द बहुतेक लागतच नाही. आणि मालिका संपली याचं दुःख जे आहे, ते लाजून लपवू नकोस. त्याला वेगळा परिच्छेद दे, कुणावर आरोप न करता. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर चाललास ती माणसं आता नवं काही बोलणार नाहीत, हे साधं वाक्यही पुरेल.

लेखकाला थेट लिहायचं मनात असेल तर ते प्रतिक्रियेहून वेगळं ठेव, आणि पत्रातली ती ‘तुम्हाला लाज वाटायला हवी’ ही ओळ तर दोन्हींतून आजच काढ. ती ओळ तुला शोभत नाही.

पहिला भाग वाचायला घेतलास की पहाऱ्याचे, कैद्याचे, वाट चुकल्याचे प्रसंग एका कागदावर टिपत जा. तो कागद आणि नवा मसुदा दोन्ही मला पाठव. मी आधी कागद वाचेन.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
ताई